सातबारा आणि एकबारा

कोकणात माणसाची ओळख त्याच्या सातबाऱ्यावरून पटते. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचं हे लग्न, आणि वऱ्हाड एवढं की मालवणजवळच्या आमच्या वायरीतल्या एका आठ गुंठ्यांच्या तुकड्यावर सतरा नावं आहेत. त्यातली पाच तरी कायमची वर राहायला गेली आहेत. तातूकाकांची ओळख मात्र एकबाऱ्यावरून पटते. एकबारा म्हणजे बारास एक. खऱ्या घरातला एक फूट तो तातूकाकांच्या घरातला एक इंच. पडवीतल्या टेबलावर गेली चार वर्षं ते आपल्याच घराचं लहान घर उभारताहेत. खळं, पडवी, ओटी, माजघर, देवघर, न्हाणी, सगळं सामानसुमानासकट.

"ह्येंनी घराचे बारा वाजवल्यानी," काकी म्हणतात.

"बारा न्हय गो, बारास एक," तातूकाका हातातला चिमटा खाली न ठेवता दुरुस्ती करतात.

दुरुस्ती हा त्यांचा स्थायीभाव. जगात काही माणसं अशी असतात की घरात आलेली वस्तू त्यांच्या मते वापरायची नसते, सुधारायची असते. तातूकाका नवी छत्री आणतात आणि त्याच संध्याकाळी तिची मूठ बदलतात. पंचांगात पेन्सिलीने खुणा करून ठेवतात. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ सांगितलेली गोळी दुपारी घेतात, 'आपल्या प्रकृतीप्रमाणे'. सरकारी बांधकाम खात्यात आरेखक म्हणून चौतीस वर्षं त्यांनी शंभरास एक या मापात पूल आणि शाळा काढल्या. निवृत्तीनंतर बारास एकवर आलो, म्हणजे आठपट बढती मिळाली, असा त्यांचा हिशेब आहे.

या सगळ्याला मूळ कारण त्यांचा पुण्यातला मुलगा. बाबा रिकामे बसतात म्हणून त्याने वाढदिवसाला एक किट पाठवलं. खोक्यावर पॅरिसमधल्या कुठल्याशा कॅफेचं चित्र, आत लाकडाचे पातळ तक्ते, कागद, कापडाचे तुकडे, इवले दिवे, डिंकाची ट्यूब, चिमटा आणि चिनी भाषेतलं माहितीपत्रक. माहितीपत्रकाचं त्यांनी पहिल्याच दिवशी एका बाटलीला बूच केलं. मग पट्टी लावून पाहिली, तर किटाचं माप निघालं चोवीसास एक. "म्हणजे माणूस अडीच इंचाचो!" तातूकाका कडाडले. "ह्या घर न्हय, ह्यो उंदराचो पिंजरो!"

दुसरा कोणी असता तर खोकं परत बांधून ठेवता. तातूकाकांनी फेरफार सुरू केले. शेकोटीची झाली वैलाची चूल. वाइनच्या बाटल्यांत रंग तोच असल्यामुळे कोकमाचं आगळ झालं. दोन थरांचा केक काळा रंगवून मधोमध खुंटी ठोकली आणि त्याचं जातं केलं. स्नानाचा टब विहिरीजवळ नेऊन ठेवला, गुरांच्या पाण्याची डोण म्हणून. एका पियानोतून भजनी मंडळाच्या तीन पेट्या निघाल्या. उरला आयफेल टॉवर. तो परसात माडाच्या शेजारी मोबाइलचा टॉवर म्हणून उभा आहे. रेंज त्यालाही येत नाही, त्यामुळे देखावा अगदी हुबेहूब वाटतो.

बघायला आलेल्या प्रत्येकाला ते चिमट्याच्या टोकाने एकेक वस्तू दाखवतात आणि प्रत्येक वस्तूनंतर भुवया उडवून म्हणतात, "किटात नव्हता हां!" रोवळी? किटात नव्हती. हिराचा झाडू? किटात नव्हतो. आता किटातला जसाच्या तसा असा एक चिमटाच काय तो उरला आहे, आणि तोही घराबाहेर.

किट संपलं तसा त्यांनी मोर्चा सावंतवाडीकडे वळवला. मोती तलावाला वळसा घालून चितारआळीत शिरलं की दोन्ही बाजूंना लाकडी फळं, पाट, पाळणे आणि भातुकलीचे खेळ मांडलेले असतात. रुखवतात मांडायला लोक ते घेतात, लहान मुली खेळायला घेतात. तातूकाका कच्चा माल म्हणून घेतात. दुकानदाराने कौतुकाने भातुकली पुढे केली, तर यांनी खिशातून फूटपट्टी काढली. "जाता चार इंच, म्हणजे चार फूट. कपाट तीन इंच, म्हणजे तीन फूट. अहो, ह्या घरात जात्यावर बसान कपाट दळतत काय?" दुकानदार हसला, कारण फूटपट्टी घेऊन भातुकली घेणारं गिऱ्हाईक त्याला बहुधा पहिलंच. शेवटी लाटण्यांचे पडवीला खांब लागले, भोवऱ्याची विहिरीवरची कप्पी झाली आणि कुंकवाच्या करंड्यावर तुळस उगवली.

तिथून ते राजवाड्याकडे गेले. गंजिफा रंगवायची कला मरू घातली होती, ती शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी धरून ठेवली. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे बारा-बारा असे १२० गोल पत्ते. बारा हा आकडा ऐकूनच तातूकाका खूश. भिंतीवर टांगायला एकच पत्ता हवा होता, मत्स्याचा. मालवणचा माणूस दहातून दुसरा कुठला अवतार निवडणार? पण एक पत्ता काढला तर मागे राहतात ११९, आणि ११९ पत्त्यांचा डाव कोणी खेळत नाही. तातूकाका हात हलवत परतले. आता भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेला मत्स्य आहे. तो बराचसा सुरमईसारखा दिसतो.

चितारआळीत पाहिलेलं मात्र डोक्यात राहिलं. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि रंग लाकडावर चढत जातो. घरी येऊन त्यांनी मिक्सरच्या मोटारीला पाळण्याचा पाय बांधला. पाय कौलांतून बाहेर गेला आणि स्वयंपाकघरात धूर राहिला. त्या दिवशी बांगड्याच्या कढीचं वाटप पाट्यावर वाटावं लागलं. तेव्हापासून काकी मिक्सर कुलपात ठेवतात. बेंटेक्सची एक चेन कुलपात ठेवायची राहून गेली. तिच्या झोपाळ्याच्या कड्या झाल्या.

लहान वस्तू करणं म्हणजे मोठी वस्तू लहान करणं नव्हे, हे मला तातूकाकांमुळे कळलं. सागाचा इंचभर तुकडा घ्या, त्यावरच्या रेषा त्या मापात दोरखंडाएवढ्या दिसतात. म्हणून बारीक, दाट कणाचं लाकूड लागतं. काळ्या कुड्याचं लाकूड असं हस्तिदंतासारखं असतं. तिकडे कर्नाटकात चन्नपट्टणची खेळणी परंपरेने त्याचीच करतात. तातूकाका रानातून कुड्याच्या काठ्या आणतात आणि सोनाराच्या करवतीने कापतात. सुताराच्या कामाला सोनाराची हत्यारं आणि न्हाव्याचं पातं. गोधडी केली तर ती खाटेवर लोळत नाही, पापडासारखी ताठ उभी राहते, कारण कापडाचा ताठरपणा काही बारास एक होत नाही. मग तिला पाण्यात कालवलेला डिंक पाजून, टाचण्या टोचून, रात्रभर निजायला शिकवावं लागतं.

वजनाची गंमत आणखी न्यारी. लांबी बारा पटींनी कमी, रुंदी बारा पटींनी, उंचीही बारा पटींनी. म्हणजे आकारमान १७२८ पटींनी कमी. हे त्यांनी काकींना समजावून सांगितलं ते चुकलंच. दुसऱ्या दिवशी काकींनी त्याच हिशेबानं चहा दिला: दीडशे मिलिलिटरचे दोन थेंब. तातूकाकांनी तो लहान घरातल्या पेल्यात ओतला, पेला उलटा केला, तर चहा सांडेना. थेंब पेल्याला चिकटून लोंबकळत राहिला. "बघ, बघ, पाण्याक स्केल कळना नाय!" ते आनंदाने ओरडले. चहा प्यायचा राहिलाच.

निसर्गालाही स्केल कळत नाही. एका रात्री दिव्याच्या किड्यांमागे आलेली पाल त्या घरात शिरली आणि ओटीवर जाऊन बसली. साडेचार इंचांची पाल म्हणजे तिथे साडेचार फुटांची घोरपड. तातूकाकांनी रात्रभर तिला हाकललं नाही, खांब मोडतील म्हणून. जूनमध्ये पाऊस लागला, लाकूड फुगलं आणि लहान घराचे सगळे दरवाजे अडकून बसले. मला वाटलं आता माणूस खचेल. तातूकाकांनी उलट मला बोलावून, अडकलेला दरवाजा करंगळीने ढकलून दाखवला आणि म्हणाले, "आता ह्या कोकणातला घर झाला."

त्यांच्या मते या क्षेत्रात त्यांच्या तोडीचा एकच माणूस होऊन गेला: लटयन्स. इकडे नवी दिल्ली उभी करत असतानाच तिकडे त्याने इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात बाहुलीघर बांधलं. तेही बारास एक. त्यात नळाला पाणी येतं, दिवे लागतात, लिफ्ट चालते. आज ते विंडसरच्या किल्ल्यात आहे. तातूकाका लटयन्सबद्दल खात्यातल्या वरिष्ठ सहकाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलतात, आदराने, पण थोडं हातचं राखून. "तेच्या हाताखाली शेकडो कारागीर होते. आणि तेका शेजारच्या खोलयेची मापा चोरून घेवची लागली नाय."

ही शेवटची गोष्ट खरी आहे. चोर मीच होतो.

तातूकाकांचं खरं घर हे अर्धंच घर आहे. नऊ वर्षांपूर्वी वाटणी झाली आणि माजघराच्या मधोमध चिऱ्याची भिंत आली. पलीकडे चुलतभाऊ, आमचे भाईकाका. देवघर त्यांच्याकडे, न्हाणी यांच्याकडे. माजघरातला झोपाळा शिसवीचा, पाच फुटी. त्याची फळी भाईकाकांच्या वाटणीला गेली आणि पितळी कड्या तातूकाकांच्या. कड्या इथे ट्रंकेत आहेत. फळी तिथे मांगरात आहे आणि तिच्यावर रात्री कोंबड्या बसतात. नऊ वर्षांत दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत. बोलायचंच झालं तर एकाने भिंतीला सांगायचं आणि दुसऱ्याने भिंतीचं ऐकायचं.

पण लहान घरात देवघर तर हवं. तेव्हा मला आंबे मागायच्या निमित्ताने पलीकडे पाठवण्यात आलं. टेप नेणं शक्य नव्हतं. मी चौकटीला पाठ लावून उभा राहिलो, मग विती टाकल्या, मग हात पसरले.

"काय रे मेल्या," भाईकाका आतून म्हणाले, "चौकटीक मिठी कित्याक मारतंस?"

मी आंबे न घेताच परतलो.

मे महिन्यात नात आली. तिच्यासाठीच हे घर, असं चार वर्षं सांगितलं जात होतं. तिने बार्बी आणली होती. बार्बीची उंची साडेअकरा इंच. ती पडवीत उभी करताच डोकं कौलांच्या वर गेलं. साडेअकरा फुटांच्या बाईला घरात घ्यायला तातूकाकांनी साफ नकार दिला. मी पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या सुचवल्या; त्या परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, म्हणजे घराची शान वाढेल. तातूकाकांनी मान हलवली. त्या बाहुल्या तर बार्बीपेक्षाही थोराड. "मग आजोबा, यात राहतं कोण?" नातीने विचारलं.

"कोण नाय. माणसा इली की वाटणी इली."

नातीला हे पटलं नाही. तिने पलीकडच्या अंगणात जाऊन सगळ्यांना सांगितलं, की आजोबांच्या घरात झोपाळा आहे आणि तो हलतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पडवीच्या पायरीवर भाईकाका उभे. नजर वाशांकडे.

"आमची कोंबडी हय इली काय?" त्यांनी वाशांना विचारलं.

"बघ," तातूकाकांनी चिमट्याला सांगितलं.

भाईकाका कोंबडी शोधत टेबलापाशी आले. खाली वाकले. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाकले. बराच वेळ कोणी बोललं नाही. "देवघराची चौकट ठेंगणी झाली," ते म्हणाले. तातूकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बारास एक झालो. मग भाईकाकांनी करंगळी आत घातली आणि माजघरातल्या झोपाळ्याला हलकेच झोका दिला. बेंटेक्सच्या कड्या बारीक किणकिणल्या. झोपाळा या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेही न अडता, गेला आणि आला.

"तातू," भाईकाका म्हणाले, "मधली भिंत खंय?"

तातूकाकांनी चिमट्याने चुलीतलं एक लाकूड उचललं आणि पुन्हा होतं तिथेच ठेवलं.

"किटात नव्हती."