अपूर्ण भूतकाळाची सोय

इंग्रजी भाषेतील अपूर्ण भूतकाळ हा, विशेषतः एका टोकाहून दुसऱ्या टोकास नेणाऱ्या क्रियापदांच्या बाबतीत, जबाबदारी टाळू पाहणाऱ्या अंमलदारास मिळालेली मोठीच सनद होय. ‘ही वॉज वॉकिंग’ म्हटले की गृहस्थ निदान चार पावले चालला, हे कबूल करावेच लागते. परंतु ‘ही वॉज क्रॉसिंग द रोड’ एवढ्यावरून तो पलीकडच्या फुटपाथास लागला की मध्येच बसखाली सापडला, याचा निवाडा प्रत्यक्ष ब्रह्मदेवासही करता येणार नाही. डेव्हिड डाउटी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९७७ साली या विसंगतीचा ‘इम्परफेक्टिव्ह पॅराडॉक्स’ या भारदस्त नावाने रीतसर ऊहापोह केला. व्हाइटहॉलच्या, म्हणजे ब्रिटिश सरकारी कचेऱ्यांतल्या, मुत्सद्द्यांना या ऊहापोहाची गरज कधी भासली नसावी. ‘परिस्थिती सुधारत होती’ असा खलिता धाडणाऱ्यावर, ती पुढे साफ बिघडली तरी, कोणती चौकशी समिती ठपका ठेवणार?