काऊचा घास

मराठी माणसाने सगळा संसार पोटाच्या हवाली केला आहे. तो पोटतिडकीने बोलतो, दुसऱ्याच्या चुका पोटात घालतो, भीती वाटली की त्याच्या पोटात गोळा येतो आणि शेजाऱ्याने नवी गाडी घेतली की पोटात दुखतं. एवढी खाती सांभाळणाऱ्या अवयवाला भुकेसाठी वेगळा नोकरवर्ग हवा, म्हणून भाषेने तिथे कावळे नेमले. १९९९ साली जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा या संशोधकांना जठरात भूक चेतवणारं संप्रेरक सापडलं आणि त्याचं नाव घ्रेलिन पडलं. आपण इतकी वर्षं नुसती कावकाव ऐकत होतो, जपान्यांनी कावळा धरून दाखवला. हे घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या घुमटात तयार होतं आणि वजन उतरवण्यासाठीच्या बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेतला स्लीव्ह हा प्रकार नेमका तो घुमटच कापून काढतो. घरटं गेलं, कावळे उडाले, आता उतरलेलं वजन जन्मभर उतरलेलंच राहणार, असा सर्वसाधारण समज आहे. पण झाड तोडलं तरी अंगण तेच राहतं. ज्याच्या अंगणात मधुमेह, थायरॉइड, संधिवात ही मंडळी कायमच्या मुक्कामाला आहेत, त्याचं वजन ऑपरेशननंतर पुन्हा वाढलं, तर माझ्या मते त्याचा पहिला जाब औषधांच्या यादीला विचारावा. मनोनिग्रहाचा नंबर त्यानंतर.

आधी ऑपरेशनचं श्रेय त्याच्या पदरात टाकू. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण हिस्सा, किंवा थोडा अधिकच, जातो आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते; तिच्यात आमटीच्या वाटीएवढं मावतं. बायपास या दुसऱ्या प्रकारात तर दोन मोठे चमचे मावतील एवढीच पिशवी ठेवून तिला आतड्याचा पुढचा भाग जोडतात, म्हणजे अन्न मधली स्टेशनं न घेता फास्ट लोकलसारखं पुढे जातं. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांचा आणि न झालेल्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं. दहाव्या वर्षी मोजलं तेव्हा ती घट २५ टक्के उरली होती. ऑपरेशन झालेल्या सगळ्यांपैकी ज्यांना आधी मधुमेह होता, त्यातल्या ७२ टक्के लोकांचा मधुमेह दोन वर्षांनी ओसरलेला दिसला. दहाव्या वर्षी असे ३६ टक्केच राहिले. हे आकडे वाचून लोक म्हणतात, ‘बघा, पुन्हा खायला लागले.’ मला ते वाचून शाळा आठवते. एका मुलाचे मार्क घसरले तर त्याच्या आईला बोलावतात. अख्ख्या वर्गाचे घसरले तर पेपर कोणी काढला होता ते बघतात. दहा वर्षांत सगळ्या तुकडीची सरासरी घसरते तेव्हा प्रत्येकाने एकाच वेळी बेशिस्त व्हायचं ठरवलं, यापेक्षा शरीराचाच काहीतरी डाव आहे हे मानणं सोपं जातं.

तो डाव चरबीच्या पेशींकडे पाहिलं की कळतो. स्वीडनमधल्याच संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं की मोठ्या माणसाच्या अंगातल्या चरबीच्या पेशींची संख्या जवळपास ठरलेली असते, आणि ऑपरेशननंतर भरपूर वजन उतरलं तरी ती कमी होत नाही. पेशी फक्त रोडावतात. दरवर्षी त्यातल्या दहा टक्के मरतात, पण लगेच तितक्याच नव्या तयार होतात. मुंबईतल्या पागडीच्या चाळीत राहिलेल्याला हे समजावून सांगायला नको. भाडेकरू खंगला, दिसेनासा झाला, शेवटी गेलासुद्धा. पण खोली रिकामी होत नाही, वारस हजर असतो. मालक रंगसफेदी करून इमारत कितीही सडपातळ दाखवो, आत सगळे जण बरे दिवस येण्याची वाट बघत बसलेले असतात.

हे बरे दिवस आणतात कोण? मुळात हे ऑपरेशन ठणठणीत माणसाच्या वाट्याला फारसं येत नाही. मधुमेह, रक्तदाब, झोपेत अडकणारा श्वास, झिजलेले गुडघे यांच्या सोबतीनेच माणूस टेबलावर चढतो, आणि उतरताना सगळेच आजार उतरत नाहीत. जे उरतात त्यांची औषधं उरतात. इन्शुलिनने लघवीवाटे वाया जाणारी साखर थांबते, म्हणजे शब्दशः अंगी लागते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने शुगर जास्त खाली गेली की घाम फुटतो, हात कापतात आणि जीव वाचवायला साखरच खावी लागते; पथ्य मोडल्याबद्दल नंतर बोलणी बसतात ती वेगळीच. मन ताळ्यावर ठेवणाऱ्या ओलान्झापिन, मिर्टाझापिनसारख्या गोळ्या वजन वाढवतात, फिटवरचं व्हॅलप्रोएटही वाढवतं. पण खरा मान स्टेरॉइडचा. आपण वर्षातून एकदा पितृपक्षात गच्चीवर पान मांडून कावळ्यांना हाका मारतो. प्रेडनिसोलोन सुरू असलेल्याच्या अंगात पितृपक्ष बारमाही असतो. आता संधिवात आणि बायपास एकत्र आलेल्या माणसाची गंमत बघा. नेहमीची वेदनाशामक गोळी घ्यावी, तर नव्या जोडावर अल्सर होण्याची भीती, म्हणून ती बंद. न घ्यावी, तर सांधे आखडून चालणं बंद. स्टेरॉइड घ्यावं, तर कावळे हजर. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या जागेत डायटिशियन उभी राहून विचारते, ‘रोज दहा हजार पावलं होतात ना?’

आणि तरीही काही जण या ऑपरेशनला सोपा मार्ग म्हणतात. त्यांना फक्त एका दिवसाचं वेळापत्रक द्यावं. पहाटे रिकाम्या पोटी थायरॉइडची गोळी, तीही साध्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम आणि लोह या गोळीपासून चार तास लांब हवेत. कॅल्शियम आणि लोहाचं आपसातही पटत नाही, त्यांच्यात दोन तासांचं अंतर लागतं. लोहाचं चहाशी वाकडं. कॅल्शियम एका दमात सगळं पचत नाही, म्हणून दोन-तीन हप्ते. बी-१२ आहेच, कारण ते शोषून घ्यायला मदत करणारा जठराचा भाग एकतर कापलेला असतो, नाहीतर वळसा घालून बाजूला पडलेला. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. पण दिवसभरात पाणी कमी पडता कामा नये. रोज निदान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात. म्हणजे हिशेबाने दहा अंडी, आणि पोट म्हणजे एक वाटी. मध्य रेल्वेने मेगाब्लॉकच्या रविवारी हे वेळापत्रक चालवून दाखवलं, तर मी सोपा मार्ग हा शब्द मान्य करीन.

आता आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप ठसक्यात येतो: ‘म्हणजे तोंडावर ताबा नको का?’ हवा. त्याचा उपयोग नाही असं मी कुठेच म्हणत नाही. तो कुठे खर्च करायचा एवढंच म्हणतो. लहान पोट आकारमान मोजतं, उष्मांक मोजत नाही. मटकीची उसळ आणि अर्धी भाकरी सावकाश चावून खाल्ली तर वाटीभर पोट वीस मिनिटांत हात जोडतं. पण आमरस वाटीने आला तर तो थांबत नाही, ओघळून पुढे जातो आणि दुसऱ्या वाटीला जागा करून देतो. शिरा, बासुंदी, आइस्क्रीम ही सगळी त्याच घराण्यातली. बायपासवाल्याला निदान डम्पिंग होऊन, म्हणजे गोड एकदम आतड्यात उतरल्यामुळे धडधड आणि घाम सुटून, जागच्या जागी शिक्षा होऊ शकते; स्लीव्हवाल्याला बऱ्याचदा तेवढाही वचक नसतो. म्हणून ताबा ठेवायचाच तर वाटीत काय आहे त्यावर ठेवावा. त्यात यजमानांनी आग्रहावर ताबा ठेवला तर निम्मं काम होईल. ‘एवढंसं तर पोट, एवढंसं घ्या’ हे वाक्य प्रेमाचं असलं तरी हिशेबाला महागात पडतं.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: ‘वजन परत वाढणारच, तर पोट कापायचं कशाला?’ याचं उत्तर त्याच स्वीडिश अभ्यासात आहे. ज्यांचं ऑपरेशन झालं नाही, त्यांचं वजन या सगळ्या काळात दोनेक टक्क्यांच्या आतच इकडेतिकडे हललं. ऑपरेशनवाल्यांमध्ये, सुरुवातीचे फरक जमेस धरूनही, मृत्यूचं प्रमाण २९ टक्क्यांनी कमी निघालं. छत्रीतून चार थेंब गळतात म्हणून आपण पावसात ती मिटून चालत नाही. वजन उतरवणाऱ्या हल्लीच्या इंजेक्शनांचाही धडा तोच आहे. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन-तृतीयांश परत आलं. रक्तदाबाची गोळी सोडली आणि रक्तदाब वाढला, तर आपण त्या माणसाला अधाशी म्हणत नाही. गोळी पुन्हा सुरू करतो. लठ्ठपणा हाही चिवट, कायमचा आजार आहे एवढं मानलं, की त्याच्या उपचारालाही पुढे उपचार जोडावे लागतील, हे ओघाने आलं.

तिसरा आक्षेप सगळ्यात बोचरा: ‘आजार हा बरा बहाणा सापडला.’ बहाणा आणि कारण यांतला फरक तपासून कळतो, आणि इथे तपासण्यासारखं पुष्कळ आहे. वजनाचा काटा मात्र त्यात अर्धवट साक्ष देतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्याच्या लेखी दोघे जुळे भाऊ. तीच गोष्ट ऑपरेशननंतर वाढलेल्या दोन किलोंची: ती चरबी असेल, स्टेरॉइडने अंगात साठवलेलं पाणी असेल, नाहीतर थायरॉइडच्या गोळीवर नेमाने येऊन बसणारा कॅल्शियमचा डोस असेल. काटा तिन्हींना किलोच म्हणतो. म्हणून दोन किलो दिसले की उपास धरण्याआधी डॉक्टरांपुढे यादी ठेवून विचारावं: यातलं वजन वाढवणारं कोणतं, त्याला पर्याय आहे का, मात्रा कमी होईल का, रक्तातली पातळी शेवटची कधी पाहिली? उत्तर कधीकधी ‘पर्याय नाही’ असंही येईल. स्टेरॉइड मनाने बंद करणं तर जिवावर बेतू शकतं. तेव्हा ते दोन किलो आजाराचं भाडं समजून भरावेत; भाडं भरणाऱ्याला कोणी उधळा म्हणत नाही.

लहान मुलाला भरवताना आपण एक घास चिऊचा, एक घास काऊचा असं म्हणत घास मोजतो, आणि मूल दमलं की थांबतो. ऑपरेशननंतर माणूस पुन्हा त्याच वयात जातो: छोटा घास, पुष्कळ चावणं, भरल्याची खूण होताच ताट बाजूला. फरक इतकाच की तेव्हा प्रत्येक घासामागे कौतुक असायचं, आता मागे वही असते. वही ठेवायला माझी हरकत नाही, कारण आजार कायमचा असला की हिशेबही कायमचा असतो. फक्त खातेवाटप नीट व्हावं. शिऱ्याची दुसरी वाटी माणसाच्या नावावर खुशाल लिहा. काऊचा घास तेवढा काऊच्या नावावर असू द्या.