उभयान्वयी रायफल

पेन्शनीत निघून जिल्ह्याच्या गावी स्थायिक झालेल्या सद्गृहस्थांत गीतेवर भाष्य लिहिणारे, होमिओपथीच्या गोळ्या मोफत वाटणारे आणि नगरपालिकेच्या दिवाबत्तीविषयी वर्तमानपत्रांकडे पत्रे रवाना करणारे असे जे वर्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत, त्यांच्याच पंक्तीला रायफल घेऊ इच्छिणाऱ्यांचा एक स्वतंत्र पाट मांडला पाहिजे, असे माझे फार दिवसांचे मत आहे. रायफल बाळगणारा माणूस निराळा. त्याची जिज्ञासा पावतीवर सही होताक्षणी निवर्तते आणि उरलेले आयुष्य तो नळीला तेल देण्यात घालवितो. घेऊ इच्छिणाऱ्याचे ज्ञान मात्र उत्तरोत्तर वाढत जाते, कारण त्याला खरेदीची बाधा कधी होत नाही. ह्या वर्गातील जे नमुने मला पाहावयास मिळाले त्यांचा अर्क काढून जो पुरुष सिद्ध होतो त्याला आपण सोयीसाठी रावसाहेब म्हणू, काळ १९६० च्या आगेमागचा धरू आणि मुक्काम अमरावतीस ठेवू, म्हणजे मेळघाटचे रान हाताशी राहील.

रावसाहेबांची मागणी ऐकावयास अत्यंत माफक होती. त्यांना रायफल हवी होती ती एकच. मात्र तिने रविवारी सकाळी चांदमारीवर कागदावरील काळ्या वर्तुळाचा मध्य अचूक वेधावा, आणि हिवाळ्यात जंगल खात्याचा परवाना काढून मेळघाटात उतरावयाचे झाल्यास शिकारीची राखीव रायफल म्हणूनही कामास यावे. शहाणा शिकारी एकाच हत्याराच्या भरवशावर रानात शिरत नाही, असे ते सांगत. दमट हवेने अक्रोडाचा दस्ता फुगतो आणि नळीला रेटा देऊन नेम बिघडवितो, बोल्टची नखी मोडून रिकामे काडतूस आतच अडकते, बैलगाडीच्या हिसक्यांनी दुर्बीण जागची हलते, आणि रानडुकराला नेमकी तीच वेळ सापडते. हे सारे अक्षरशः खरे होते. अडचण इतकीच होती की, जिच्या पाठीशी ही राखीव उभी करावयाची ती मूळची रायफल रावसाहेबांपाशी नव्हती, पूर्वी कधी नव्हती, आणि पुढे घेण्याचा त्यांचा मानसही नव्हता. हे ऐकून माजघरातून वहिनींनी एकदा "बाजारात तुरी" एवढेच शब्द उच्चारले. म्हणीचा उत्तरार्ध भटणीच्या हिताचा नसल्यामुळे तो त्यांनी गिळला असावा. रावसाहेबांनी उत्तरादाखल चष्मा पुसला.

त्यांच्या ओसरीवर कलकत्त्याच्या आणि मुंबईच्या बंदूकविक्रेत्यांच्या फेरिस्तांचा जो ढीग होता त्यात चांदमारीला अनुकूल गुण तांबड्या पेन्सिलीने आणि रानाला अनुकूल गुण निळ्या पेन्सिलीने अधोरेखित केलेले असत. एकाच ओळीखाली दोन्ही रंग आलेले मला कधी आढळले नाहीत. जे चांदमारीवर भूषण तेच रानात दूषण, असा ह्या विद्येचा दैवदुर्विलासच आहे. जाड, वजनदार नळी हातात थरथरत नाही आणि गोळ्यांमागून गोळ्या झाडून तापली तरी नेम सोडत नाही. पण तीच खांद्यावर टाकून वैराटचा चढ चढून पाहावा, म्हणजे सावजाआधी शिकारीच धारातीर्थी पडण्याचा संभव. चाप कागदापुढे श्वासासरशी सुटावा इतका हलका हवा; परंतु थंडीने बधिरलेली बोटे आणि समोर हाकाऱ्यांची माणसे असता तसला चाप म्हणजे फौजदारी खटल्याला निमंत्रणच. कागदाला गोळी कोणतीही चालते, जनावराला मात्र मऊ तोंडाची, आत शिरून पसरणारी लागते, आणि गोळी बदलली की नेमही पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागतो.

बोअरचा प्रश्न तर ह्याहून बिकट. .२२ ची गोळी अवघी ४० ग्रेनांची. दिवसभर झाडली तरी खांद्याला वार्ता नाही आणि खर्चाने संसार बुडत नाही, पण तिने सांबरावर नेम धरणे हा त्या जनावराचा अपमान होय. १९१२ साली निघालेली हॉलंड अँड हॉलंडची .३७५ घ्यावी, तर तिची ३०० ग्रेनांची गोळी गव्यालाही पुरी पडते. मात्र चांदमारीवर पडल्या पडल्या तिचे वीस बार काढणाऱ्याचा खांदा जांभळा पडतो आणि काडतुसांचे बिल पाहून चेहरा पांढरा. .३०३ उत्तम, पण ते फौजेचे काडतूस, सबब खाजगी इसमास मनाई. ह्या मनाईवरून रावसाहेब हटकून १९०७ सालात शिरत. त्या वर्षी सरकारने .४५० बोअर हिंदुस्थानात बंद केला, तेव्हा विलायतेच्या बंदूककारांनी .४६५, .४७० आणि .४७५ असे नवे बोअर काढून सरकारी हुकुमाचा कसा आदरपूर्वक बोजवारा उडविला, हे ते इतक्या आत्मीयतेने वर्णन करीत की त्यांपैकी निदान एक तरी त्यांनी स्वहस्ते आखला असावा, असा नवख्याचा ग्रह होई.

जाणकार मंडळी त्यांना एकमुखाने .२७५ सुचवीत. मूळचे हे जर्मन मॉझरचे ७ मिलिमीटरचे काडतूस, रिग्बी कंपनीने इंग्रजी नाव देऊन आपलेसे केलेले; धक्का बेताचा, नेम नेटका, आणि चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये जी रायफल नजर करण्यात आली ती ह्याच बोअरची. रावसाहेबांनाही हे मान्य होते. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर सर्वांनाच ठाऊक आहे तो प्रश्न त्यांना आपल्या योग्यतेचा वाटत नसे. "काडतुसे परदेशातून यावयाची," ते म्हणत, "आणि उद्या आयात बंद झाली तर?" मग इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ घ्या, काडतुसे इथलीच, असे कोणी म्हणाले की ते करुणेने हसत आणि चांदमारीवरचा तिचा विस्कळीतपणा हाताची पाचही बोटे पसरून दाखवीत.

एकदा त्यांनी परवान्याची दरखास्त खरोखरच केली. हेतूच्या रकान्यात त्यांनी "मुख्यत्वे निशाणबाजी, प्रसंगोपात्त मृगया" असे सुवाच्य अक्षरात लिहिले होते. कचेरीतील अव्वल कारकुनाने कागद दोनदा वाचला, पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सरकविला आणि विनयाने सांगितले की, रावसाहेब, रकान्यात जागा एकाच हेतूची आहे. बिचाऱ्याचे काही चुकले नव्हते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमातच मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदाला निशाणबाजीसाठी .२२ एका पोटकलमात दिली आहे आणि संरक्षणासाठी वा शिकारीसाठी गुळगुळीत नळीची बंदूक दुसऱ्या. त्या दोन पोटकलमांच्या मधल्या कोऱ्या जागेत रावसाहेबांचे वास्तव्य होते. दरखास्त दुरुस्तीसाठी परत आली. तिचा पुढील मसुदा मी पाहिला तेव्हा हेतूचा रकाना समासापर्यंत गेला होता.

न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे: हा मनुष्य नेमबाज होता. राष्ट्रीय रायफल संघ १९५१ मध्ये स्थापन झाला आणि खुद्द संसदेचे सभापती दादासाहेब मावळंकर त्याचे पहिले अध्यक्ष झाले, तेव्हापासून ह्या छंदाला सभ्य घरांत प्रवेश मिळाला, असे ते अभिमानाने सांगत, आणि सांगता सांगता ताडपत्रीवर पालथे पडून, पट्टा दंडाला आवळून, क्लबाच्या .२२ ने पन्नास यार्डांवर पाच गोळ्या अशा घालीत की रुपयाच्या नाण्याखाली पाचही भोके झाकावीत. त्या पंधरा मिनिटांत त्यांच्या तोंडून बोअर, ग्रेन, नळी ह्यांपैकी एकही शब्द येत नसे. मला ते तेव्हाच सर्वांत आवडत.

रानातील प्रकार निराळा. धारणीकडच्या एका ठेकेदार मित्राची .२७५ उसनी घेऊन, आणि उभयपक्षी सोय व्हावी म्हणून तिच्यावर चांदमारीची, बारीक छिद्रातून पाहावयाची पीपसाइट बसवून, ते एका हाक्याला गेले होते. सूर्य डोंगराआड गेला, हाकारे जवळ आले, आणि करवंदीच्या जाळीतून एक भरदार शिंगांचे सांबर चाळीस पावलांवर येऊन कान फिरवीत उभे राहिले. रावसाहेबांनी डोळा छिद्राला लावला. उजेड सरलेला असल्यामुळे छिद्रात काळोखाशिवाय काही नव्हते. पण शिस्त ती शिस्त, ते त्या काळोखात माशी शोधीत राहिले. अखेर शेजारी बसलेल्या म्होरक्याला राहवेना. तो कानाशी लागून म्हणाला, "सायेब, त्या भोकातून काय पायता, जनावर त भायेर उभं हाये!"

सांबराने हे ऐकले आणि ते शांतपणे निघून गेले. परतीच्या जीपमध्ये आम्ही सांत्वनाचे शब्द जुळवीत होतो, तो रावसाहेब टिपणवहीत "सायंकाळी छिद्राचा व्यास वाढविता येणे अगत्याचे" असे लिहीत होते. आता पाहिलेल्या सर्व फेरिस्ता नव्या दृष्टीने पुन्हा तपासणे प्राप्त होते, आणि त्यांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा फुलला होता.

पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, आणि १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ वनांत मेळघाटचा समावेश होऊन तिथल्या शिकारीचा विषयच बरखास्त झाला. आमच्या मंडळींनी ठरविले की, आता रावसाहेबांची निम्मी मागणी संसदेनेच रद्द केल्यामुळे उरलेली निम्मी पुरी करण्यास कोणतीही हरकत राहिलेली नाही, सबब चांदमारीपुरती एक .२२ त्यांच्या गळ्यात घालावी आणि पेढे खावेत. आम्ही गेलो तेव्हा ते ओसरीवर सतरंजीवर पालथे पडून हातातील काठी खांद्याला लावीत होते. पाहता पाहता ते उठून एका गुडघ्यावर बसले आणि मग उभे राहिले. स्पर्धेत पडून, गुडघ्यावर आणि उभ्याने अशी तीन आसने असतात, त्यांनी खुलासा केला, आणि तिन्हींना दस्त्याची लांबी निरनिराळी लागते. तेव्हा तिन्ही आसनांस एकाच दस्त्याने समाधान देईल अशी रायफल कोठे होते का, ह्याविषयी कलकत्त्याला पत्र गेलेले आहे. मग त्यांनी माझ्या हातात शिंप्याची टेप दिली आणि ते पुन्हा पालथे पडले.

"खांद्यापासून तर्जनीच्या पेऱ्यापर्यंत धरा," ते म्हणाले, "आणि आकडा मोठ्याने सांगा."