माहिष्मतीचा फेरफार

२०२४ च्या मे महिन्यात आमच्या छत्रपती संभाजीनगरात एकाच वेळी दोन गाद्यांची भांडणं चालू होती. एक गादी लोकसभेची. तिच्यासाठी तिरंगी लढत होती, भोंगे लावलेल्या रिक्षा होत्या आणि भर उन्हात गळ्यात उपरणी घालून हिंडणारे कार्यकर्ते होते. दुसरी गादी माहिष्मतीची. तिच्यासाठी माझा एकटा भाचा होता, पण आवाज भोंग्यांना भारी पडत होता.

झालं असं, की ३० एप्रिलला एस. एस. राजामौलींनी ‘बाहुबली: क्राउन ऑफ ब्लड’ ही अ‍ॅनिमेशन मालिका जाहीर केली. ती १७ मेपासून हॉटस्टारवर दिसणार होती. भाचा तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, आमच्याकडेच राहायचा आणि परीक्षा तोंडावर आलेली असल्यामुळे दिवसभर कूलरसमोर आडवा असायचा. बातमी वाचून तो उठून बसला. नळाला पाणी आलं तरी न उठणारा मुलगा उठला म्हटल्यावर प्रकरण गंभीर होतं.

“मामा, हे लोक काय करायलेत?”

हे लोक म्हणजे राजामौली. त्यांच्याशी भाच्याचे जुने संबंध. ‘बाहुबली’चा पहिला भाग १० जुलै २०१५ ला आला आणि कट्टप्पानं बाहुबलीला का मारलं हे न सांगताच संपला. दुसरा भाग आला २८ एप्रिल २०१७ ला. मधल्या काळात शाळेत जाणाऱ्या भाच्यानं गणिताच्या वहीत मागच्या पानांवर माहिष्मतीची वंशावळ काढली होती. शिवगामी लाल पेननं, बिज्जलदेव पेन्सिलीनं (म्हणजे केव्हाही खोडता येईल) आणि कट्टप्पाभोवती चौकट. गणिताच्या बाईंनी त्या पानावर ‘पाहिले’ असा शेरा मारून सही केली होती. एवढी सरकारी मान्यता असलेल्या माणसाला न विचारता राजामौलींनी नवी मालिका काढली, हे त्याचं दुःख होतं.

त्याचा पहिला आक्षेप तर्कशुद्ध होता. ही गोष्ट सिनेमाच्या आधी घडते. बाहुबली आणि भल्लालदेव एकत्र येऊन रक्तदेव नावाच्या गूढ सेनानीपासून माहिष्मती वाचवतात. “आता सांगा, दोघंही पुढं सिनेमात जिवंत आहेत. म्हणजे यात ते मरत नाहीत. मग भ्यायचं कशाला?” दुसरा आक्षेप सिनेमात बाहुबली झालेल्या प्रभासच्या दंडांचा. ते रेखाटता येत नाहीत, ते असावे लागतात. तिसरा असा, की हा प्रयोग आधी होऊन फसलाय. २०१७ सालीच अ‍ॅमेझॉन प्राइमवर ‘बाहुबली: द लॉस्ट लेजंड्स’ नावाची कार्टून मालिका आली होती.

“ती कशी होती?” मी विचारलं.

“बेकार.”

“बघितलीस?”

“मामा, बेकार आहे म्हटल्यावर कशाला बघू?”

संध्याकाळी गच्चीवर शेजारचे अप्पा भेटले. अप्पा तलाठी म्हणून निवृत्त झालेत. जगातला कुठलाही वाद शेवटी जमिनीचा असतो आणि जमिनीचा प्रत्येक वाद नोंदीचा असतो, हे त्यांचं तत्त्वज्ञान. भाच्यानं त्यांना मालिकेची हकीकत सांगितली. अप्पांनी ती अर्जदाराचं म्हणणं ऐकावं तशी ऐकून घेतली.

“बिज्जलदेव थोरला ना? मग त्याला डावलून धाकट्याला गादी दिली, तेव्हाच नोटीस काढली होती का?”

“अप्पा, ते सिनेमात दाखवलेलं नाही.”

“तिथंच चुकलं. पुढं धाकटा वारला. त्याचा मुलगा बाहुबली, थोरल्याचा भल्लालदेव. दोन वारस, एक गादी. तुमच्या शिवगामीनं वारसनोंद घेतली आणि फेरफार मंजूर केला. बरं, झालं. आता हा रक्तदेव कोण? त्याचं नाव कुठल्या उताऱ्यावर आहे?”

“तो बाहेरचा आहे.”

“बाहेरच्याला हरकत घ्यायचा अधिकारच नाही. मालिका पहिल्या भागातच निकाली निघते.”

भाचा खूश झाला. आपल्या तक्रारीला महसूल खात्याचा पाठिंबा मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. आमच्या घरातली एकमेव शांत प्रतिक्रिया बायकोची होती. ती म्हणाली, “कार्टून आहे ना? मग पोरीला लावून देऊ. जेवताना तरी तोंड उघडेल.”

या तिघांचं बोलणं ऐकताना एक जाणवलं. मालिका कशी आहे याच्याशी कुणालाच देणंघेणं नव्हतं, कारण ती अजून कुणी पाहिलीच नव्हती. घोषणा आणि पहिला भाग यांच्यामधला हा काळ म्हणजे लग्नपत्रिका छापून आल्यावरचे दिवस. मुलगा कसा, मुलगी कशी, हे भावकीला विचारायचंच नसतं. आपलं नाव निमंत्रकांत आहे का, असलं तर कितव्या ओळीत, आणि ठरवण्याआधी आपल्याला कुणी विचारलं होतं का, एवढ्यावरच रुसवा असतो. लग्न पार पडलं की तीच भावकी पंगतीत बसून तिसऱ्यांदा जिलबी मागते. भाचा बाहुबलीच्या भावकीतला होता. रुसणं हा त्याचा मान होता.

निर्मात्यांचा हिशेब मात्र सरळ असतो. नट म्हातारे होतात, महाग होतात, तारखा देत नाहीत. रेखाटलेला नायक तारीख मागत नाही आणि त्याचे केस गळत नाहीत. शिवाय ज्यांनी सिनेमाला शिट्ट्या मारल्या, त्यांची पोरं आता रिमोट धरण्याच्या वयाची झालेली असतात. म्हणून हिंदीतल्या हाणामारीच्या नायकांना सन्मानानं निवृत्त करायची एक नवी सोय निघाली आहे: त्यांना पोर करून टाकायचं. २०११ चा ‘सिंघम’ २०१८ साली डिस्कव्हरी किड्सवर ‘लिटल सिंघम’ झाला. ‘गोलमाल’मधले घोडे झालेले टोणगे २०१९ साली सॉनिकवर शाळकरी झाले. २०२० च्या दिवाळीत पोगोवर सिंबा आला आणि २०२१ साली ‘दबंग’च्या चुलबुल पांडेचं कार्टून झालं. बाजीराव सिंघमनं सिनेमात ज्यांना कानाखाली मारल्या, त्या गुंडांना कल्पनाही नसेल की हाच माणूस पुढं डब्यातली भाजी संपवायच्या वेळी आपल्या नातवंडांना गप्प बसवणार आहे.

बाहेरच्या जगातही हेच. ‘स्टार वॉर्स’वाल्यांनी २००८ साली ‘द क्लोन वॉर्स’ नावाचा अ‍ॅनिमेशनपट काढून त्याला जोडून मालिका सुरू केली. तिच्यातल्या अहसोका नावाच्या पोरीवर जुने चाहते तुटून पडले. ही आगाऊ मुलगी कुठून आणली, म्हणून. पंधरा वर्षांनी, २०२३ साली, तिच्याच नावानं स्वतंत्र मालिका आली, कारण मधल्या काळात ती लाडकी झाली होती.

मी भाच्याला म्हटलं, “बाबा, हे तर आपल्या जिल्ह्याला नवीन नाही.” आणि त्याला अजिंठ्याची आठवण करून दिली. शहरापासून शंभरेक किलोमीटरवर पूर्वकथांचा एवढा मोठा कारखाना असताना आपण राजामौलींच्या हैदराबादवर कशाला चिडायचं? जातककथा म्हणजे दुसरं काय? मूळ नायक बुद्ध. त्याची गोष्ट पूर्ण झालेली, शेवट सगळ्यांना ठाऊक. तरी लोकांचं समाधान होईना, म्हणून त्याच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी. पाली संग्रहात अशा ५४७ आहेत. इतके सीझन अजून कुठल्याच ओटीटीला जमलेले नाहीत.

त्यातली सहा सुळ्यांच्या हत्तीची गोष्ट घ्या. हत्तींचा राजा, त्याच्यावर रुसलेली राणी. ती पुढच्या जन्मी माणसांची राणी होते आणि सूड म्हणून त्याचे सुळे आणायला शिकारी पाठवते. सुळे समोर आल्यावर मात्र तिलाच ते सहन होत नाही. ही षड्दंत जातकाची कथा दहाव्या लेण्यात रंगवलेली आहे, इसवी सनापूर्वीच्या काळात. पुढं पाचशेहून जास्त वर्षांनी, वाकाटकांच्या अमदानीत, सतराव्या लेण्यात तीच गोष्ट पुन्हा रंगवली. सरळ रिमेक. मधल्या काळात बजेट वाढलेलं, रंग वाढलेले, निर्मात्याचं नाव दगडात कोरायची पद्धत मात्र जुनीच. शेजारच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक सम्राट हरिषेणाचा मंत्री वराहदेव याच्या नावाचा शिलालेख आहेच. आता वाघूरच्या काठावर तेव्हा एखादा म्हातारा भिक्खू नक्की बसला असणार आणि नव्या पोरांना सांगत असणार, “दहातला हत्ती बघितलाय का? तो हत्ती. हे नुसतं रंगकाम.”

“पण तिथंही शेवट माहीतच असायचा,” मी म्हणालो. “हत्ती म्हणजे बोधिसत्त्व, हे पहिल्याच सोंडेला कळतं. तरी लोक डोंगर चढून बघायला जायचेच ना?”

भाचा थोडा विचारात पडला. मी पुढं रेटलं. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला, त्याला ही लेणी दिसली आणि दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर, रंगवलेल्या आकृतीवरच, त्यानं आपलं नाव आणि तारीख खरवडून ठेवली. कलाकृती नीट न बघता तिच्यावर आपली हजेरी लावणारा हा आमच्या जिल्ह्यातला पहिला नोंदलेला आधुनिक चाहता. तारीख होती २८ एप्रिल. ‘बाहुबली’चा दुसरा भाग ज्या तारखेला आला, तीच. भाच्यानं एवढंच लक्षात ठेवलं आणि त्या रात्री तीन मित्रांना फोन करून सांगितलं.

मी दुसऱ्यांच्या नायकांवर एवढं मोठ्या मनानं बोलत होतो, कारण माझ्या नायकांना अजून कुणी हात लावला नव्हता. उद्या कुणी ‘झपाटलेला’चं कार्टून काढलं तर? तात्या विंचू पडद्यावर बहुतेक वेळ बाहुलाच, रामदास पाध्यांनी घडवलेला. त्यामुळे त्याची फार हरकत नाही. बाहुल्याचं कार्टून होणं म्हणजे बदली झाल्यासारखं, पद तेच. पण कुणी ‘अशी ही बनवाबनवी’ला हात लावला तर मी काय करीन हे सांगता येत नाही. १९८८ सालापासून मराठी माणसं त्या सिनेमाला सांभाळून आहेत. लक्ष्मीकांत बेर्डेंचा चेहरा संगणकावर काढायचं कुणी नुसतं जाहीर केलं, तर क्रांती चौकात मोर्चा निघेल आणि त्यात सगळे पक्ष असतील. अप्पा निवेदन लिहून देतील, पोच घेऊन येतील. सारांश, प्रत्येकाच्या मनात एक माहिष्मती असते आणि तिच्या उताऱ्यावर फक्त त्याचंच नाव असतं.

१३ तारखेला मतदान झालं. भोंगे शांत झाले. १७ ला मालिका आली. आमच्या तिसरीत जाणाऱ्या लेकीसमोर ताट आणि बाहुबली दोन्ही ठेवण्यात आले. भाच्यानं बहिष्कार जाहीर केला आणि पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेला. दार मात्र पूर्ण लावलं नाही. थोड्या वेळानं आतून आवाज आला, “आवाज तर तोच आहे!”

खरंच तोच होता. हिंदी ‘बाहुबली’त प्रभासला ज्यांनी आवाज दिला, त्या शरद केळकरांनीच या मालिकेतही हिंदी बाहुबलीला आवाज दिलाय. भिंतीपलीकडून ऐकणाऱ्या भाच्यासाठी ही मालिका म्हणजे अस्सल मूळ सिनेमाच होता. मग माझ्या लक्षात आलं, की ज्या मूळ बाहुबलीसाठी तो दोन आठवडे भांडत होता, तो तेलुगू राजा आमच्या घरी पहिल्यापासूनच ग्वाल्हेरच्या एका मराठी माणसाच्या आवाजात हिंदी बोलत होता. पुढं शेमारू मराठीबाणानं तो मराठीत आणला, तेव्हा प्रवीण तरड्यांच्या देखरेखीखाली अमोल कोल्ह्यांच्या आवाजात बोलला. मूळ म्हणजे आपल्याला जे पहिल्यांदा भेटलं ते. हैदराबादच्या माणसाला यातलं काहीच मूळ वाटणार नाही.

लेकीनं सगळे भाग संपवले. मग भाच्यानं मोठ्या कृपेनं तिला सिनेमा दाखवायला घेतला. “आता खरा बघ,” म्हणाला. प्रभास पडद्यावर आला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “दादा, हा सारखा दिसत नाही.”

“कुणासारखा?”

“बाहुबलीसारखा.”

त्याला पाणी द्यावं लागलं.

आता भाचा पुण्याला नोकरी करतो. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर दोन्ही भाग जोडून पावणेचार तासांचा ‘बाहुबली: द एपिक’ थिएटरांत आला, तेव्हा तो सुट्टी काढून घरी आला आणि आम्ही सगळे बघायला गेलो. सोबत ‘बाहुबली: द इटर्नल वॉर’ या नव्या अ‍ॅनिमेशनपटाची झलक होती. यात बाहुबली मेल्यानंतरची गोष्ट. भाचा एकदम उदार झालेला. नव्या लोकांना संधी द्यायला पाहिजे, कलाकारांनी वेगळं काही करून बघायला पाहिजे, असं रिक्षात बोलत होता. पगार सुरू झाला की माणूस सहिष्णू होतो.

लेक मात्र गप्प होती. घरी आल्यावर तिचा स्फोट झाला. चेहरा बदललाय. रंग भलतेच आहेत. रक्तदेवाचा पत्ता नाही. यांना कुणी सांगितलं होतं हे करायला?

“अगं, नुसती झलक आहे,” भाचा समजुतीनं म्हणाला. “पूर्ण येऊ दे, मग बोलू.”

तिनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

“दादा, तू बोलूच नको. तू नुसता पिक्चर बघितलायस.”