पाच एकेचाळीस

पेसकरांना धावताना पाहिलेले लोक भोरमध्ये थोडे आहेत. धावण्याविषयी बोलताना त्यांना अख्ख्या भोरनं ऐकलंय. कारण साधं आहे. मॅरेथॉन धावायला त्यांना पावणेपाच तास लागतात आणि ती सांगायला पुढची मॅरेथॉन येईपर्यंतचा सगळा काळ मोकळा असतो.

पेसकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं सांगण्यात अर्थही नाही, कारण हा गृहस्थ आता प्रत्येक तालुक्याच्या गावी एक तरी असतोच. वय पंचेचाळिशीच्या पुढे, नोकरी पतसंस्थेत नाहीतर शाळेत, मुलगी पुण्याला शिकायला, आणि रक्ततपासणीच्या कागदावर एका आकड्याभोवती डॉक्टरांनी पेनानं काढलेला गोल. त्या गोलातून मॅरेथॉनपटू जन्माला येतो. डॉक्टर एवढंच म्हणालेले असतात, "रोज अर्धा तास चालत जा." पण साधं चालणं हे चारचौघांत सांगण्यासारखं नसतं. चालतात तर काय, सगळेच.

पेस म्हणजे एक किलोमीटर धावायला लागणारा वेळ. पेसकरांच्या आयुष्याचं ध्येय पाच मिनिटं एकेचाळीस सेकंद. या पेसनं ४२.१९५ किलोमीटर धावलं, तर मॅरेथॉन चार तासांच्या आत बसते आणि वर अकरा-बारा सेकंद शिल्लक राहतात. त्या शिल्लक सेकंदांचं काय करायचं, तेही त्यांनी ठरवून ठेवलंय. फोटोग्राफरसमोर हात वर करायचे.

या आकड्यावरून एकदा एसटी स्टँडवर घोळ झाला. पहाटे दहा किलोमीटर धावून पेसकर घराकडे वळले, तेव्हा घड्याळात ९.८७ दिसत होते. असा अपुरा आकडा घेऊन घरी जाणं धावणाऱ्याच्या धर्मात बसत नाही. त्यांनी स्टँडलाच प्रदक्षिणा सुरू केली. दुसऱ्या फेरीला कंट्रोलर खिडकीतून डोकावले. "काका, कुठली गाडी पाहिजे?"

पेसकर घड्याळावरची नजर न काढता म्हणाले, "पाच एकेचाळीस पाहिजे होतं. आज नाही मिळालं."

"पाच एकेचाळीस कुठली काढली? पावणेसहाची स्वारगेट आहे. बसा निवांत, पळू नका."

४२.१९५ हा आकडा असा तिरपागडा का, हे ते कुणालाही, न विचारता, सांगतात. १९०८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्जासमोर संपली. ते अंतर भरलं ४२.१९५, आणि १९२१मध्ये तेच कायम झालं. भोरकरांना यात नवल वाटत नाही. हे पंत सचिवांच्या संस्थानाचं गाव. वाड्यापासून निघायचं आणि सरकारांच्या खुर्चीपुढं थांबायचं, हा हिशेब इथल्या जुन्या माणसांना चटकन पटतो. तेवढ्या पाठिंब्यावर पेसकरांनी भोरच्या राजवाड्याच्या दारापासून स्वतःचे ४२.१९५ मोजून घेतलेत. महाडच्या रस्त्यानं, नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं, निम्म्यात वळून परत. परतीला वाड्यासमोर सज्जात कुणी नसतं. असलाच तर एखाद्या सिनेमाचं शूटिंग लावणारा माणूस असतो, आणि तो "ओ काका, फ्रेममधून बाजूला व्हा," म्हणतो.

त्यांचं दैवत फडेप्पा चौगुले. हे मात्र मला मनापासून आवडतं, कारण चौगुल्यांचं नाव आता फारसं कुणाच्या तोंडी नाही. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यातली पोरं अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिली आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतातून माणसं पाठवायचं मनावर घेतलं. बेळगावचे चौगुले तिथं मॅरेथॉन धावले, एकोणिसावे आले, वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. त्यातून त्या वर्षीचं अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे नेहमीपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. हे सांगताना पेसकरांचा आवाज जड होतो. मग ते स्वतःच्या बुटांकडे बघतात. तळव्यात कार्बनची पट्टी असलेल्या त्या बुटांची किंमत त्यांनी वहिनींना निम्मी सांगितलीय, त्यामुळे इथं लिहीत नाही.

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे तयारी पावसाळा सरता सरता सुरू करावी लागते. पेसकर भर पावसाळ्यातच सुरू करतात. जुलैत वेल्ह्याकडे (आता राजगड तालुका म्हणायचं) आवणीची धांदल असते. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका, इरल्याच्या जागी आलेले प्लॅस्टिकचे कागद, आणि रस्त्यानं भडक नारिंगी बनियनमधला एक इसम धापा टाकत चाललाय. मावळात माणूस धावतो तो कारणानंच. गाय सुटली, एसटी चुकली, नाहीतर कुणाचं बरंवाईट झालं. त्यामुळे सुरुवातीला बांधावरून हमखास विचारणा व्हायची, "काय झालं ओ? कोन गेलं?" मोटरसायकली थांबायच्या. "बसा मागं, सोडतो." नको म्हटलं की पोरं जास्तच काळजीत पडायची. एकानं तर घरी फोन करायला स्वतःचा मोबाइल पुढं केला होता.

कुत्र्यांचा प्रश्न त्यांनी बिस्किटपुड्यानं सोडवला. आता भाटघरच्या रस्त्याला चार कुत्री त्यांच्या आधीच उभी असतात आणि किलोमीटरभर सोबत करतात. ॲपवर त्या दिवशीची नोंद 'ग्रुप रन' अशी पडते.

ॲपची गोष्ट वेगळीच. डोंगराआड मोबाइलची रेंज गेली की यांचा जीव टांगणीला लागतो. पाबे घाट चढून उतरलेला माणूस रस्त्याकडेला हात उंच करून रेंज शोधत उभा असतो, कारण लोकांनी अंगठा दाखवल्याशिवाय तो घाट चढला गेला, यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नाही.

याच रस्त्यावर, याच वेळी, दुसरी एक मंडळी धावत असते आणि तिचं कुठलंही ॲप नाही. पोलीस भरतीची पोरं. विंझर, मार्गासनी, नसरापूर, आंबवडे, कुठूनही या, पहाटे ती दिसणारच. भरतीत १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले तर वीसपैकी वीस गुण. हा पेस काढला तर किलोमीटरला सव्वातीन मिनिटांच्या आत येतो. पेसकर त्या वेगानं शंभर मीटर गेले तरी घड्याळाला वाटेल, साहेब गाडीत बसले. तरी ते या पोरांना थांबवून समजावतात. टाच आधी टेकवू नका, मिनिटाला एकशे ऐंशी पावलं पडू द्या, नाकानं श्वास घ्या. पोरं "हो सर, हो सर" करत ऐकून घेतात. मोठ्या माणसाचं ऐकायचं, ही त्यांना घरची शिकवण आहे. शिवाय तेवढाच दम खाऊन होतो.

बूट सहाशे-सातशे किलोमीटरला बदलावेत, असा धावणाऱ्यांचा शिरस्ता. पेसकर जुने बूट त्या पोरांना देतात, धुऊन, नाड्या नव्या घालून. गेल्या भरतीत त्यातला एक लागला. पेढे घेऊन घरी आला, पाया पडला. पेसकर तेव्हापासून "माझे बूट ५ मिनिटं ८ सेकंदांत धावलेत" असं सांगतात आणि त्यात खोटं काही नाही.

घरात या सगळ्याचा भार वहिनींवर. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात, आणि नेमके तेव्हाच रविवारचे लांब पल्ले तीस-बत्तीस किलोमीटरवर जातात. मावळातली सगळी लग्नं वहिनी एकट्या करतात. "हे कुठं आहेत?" या प्रश्नाला त्यांनी आधी "पळायला गेलेत" असं खरं उत्तर देऊन पाहिलं. मांडवात त्याचा भलताच अर्थ निघाला. आता त्या "ऑफिसचं काम" म्हणतात. शर्यतीआधी तीन दिवस भरपूर भात खायचा, त्याला पेसकर कार्ब लोडिंग म्हणतात. इंद्रायणीच्या भाताचं तिसरं वाढप घेताना त्यांनी हे शास्त्र समजावलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मग तुमचं लोडिंग लग्नापासून चालूच आहे की."

वहिनी धावण्याविषयी काही वाचत नाहीत, असा पेसकरांचा समज होता. एका रात्री सब-फोर, म्हणजे चार तासांच्या आतली मॅरेथॉन, ही सामान्य माणसाला किती अवघड, यावर त्यांचं निरूपण चाललेलं असताना वहिनींनी मोबाइल पुढं सरकवला. मुंबईच्या क्रांती साळवींनी २०१८मध्ये बर्लिनची मॅरेथॉन नऊवारी नेसून धावली, ३ तास ५७ मिनिटांत, आणि गिनेस बुकात नाव नोंदवलं. पेसकर बराच वेळ स्क्रीन बघत राहिले. वहिनी उठता उठता म्हणाल्या, "कपाटात दोन आहेत. नेसवून देऊ का?"

मुंबईत व्हायचं तेच झालं. भोरची जानेवारी म्हणजे पहाटे तोंडातून वाफ निघते. तिथं पहाटेच घामाची धार. पहिले दहा किलोमीटर पेसकर पाच वीसनं गेले, कारण मरीन ड्राइव्हवर लोक टाळ्या वाजवत होते आणि भोरमध्ये त्यांना ती सवय नाही. सी लिंकपर्यंत ठीक. बत्तीसच्या पुढं मात्र पाय त्यांचं ऐकेनात. चार तासांचा झेंडा पाठीला लावलेला पेसर पुढे गेला, मग सव्वाचारचा, मग साडेचारचा. पेडर रोडच्या चढाची त्यांनी भोरमध्ये फार टिंगल केली होती. पाबे घाट चढणाऱ्याला तो चढ कसला? चढाचं काही नव्हतंच म्हणा, दमटपणानं आणि पाच वीसनं मारलं. त्या चढावर मुंबईकर बिचारे संत्र्याच्या फोडी, मीठ, बर्फ घेऊन उभे असतात. एक कॉलेजची मुलगी ओरडली, "कमॉन अंकल, यू कॅन डू इट!" पेसकर म्हणतात, बत्तीसाव्या किलोमीटरला पाय गेले, मन गेलं ते तिथं.

वेळ ४ तास ४७ मिनिटं. परत आले तेव्हा चौकात फ्लेक्स लागला होता. मेडल दातात धरलेला फोटो, खाली मित्रपरिवाराचे बारा चेहरे, त्यातले पाच येत्या निवडणुकीचे. दोन दिवस ते जिना उलटे उतरत होते आणि काळंनिळं पडलेलं अंगठ्याचं नख येणाऱ्या-जाणाऱ्याला मोजा काढून दाखवत होते. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा. "कितवा नंबर आला?"

"नंबर-बिंबर नसतो हो. यात आपली स्पर्धा आपल्याशीच असते."

"बरं. मग हरलात का जिंकलात?"

याचं उत्तर त्यांना अजून सुचलेलं नाही. मला वाटतं त्यामुळेच ते ट्रेलकडे, म्हणजे डोंगरातल्या शर्यतींकडे वळले. सिंहगड-राजगड-तोरणा ही ५३ किलोमीटरची अल्ट्रा आपल्याच डोंगरांत होते. राजगड, १४०३ मीटर उंचीचा तोरणा, सगळं घरचं. "आपलं रक्तच आहे ते," पेसकर म्हणतात. बाजीप्रभू शिंदचे, म्हणजे भोर तालुक्यातले. १६६०च्या जुलैत पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे रात्रभर पावसात पालखी घेऊन धावली ती फौज हिरडस मावळच्या बांदलांची. इतिहास खरा आहे. फक्त बांदलांच्या मावळ्यांना दर अर्ध्या तासानं जेलची पुडी लागत नव्हती, एवढा बारीक फरक सोडून द्यायचा.

सरावासाठी ते गुंजवण्यातून राजगड चढतात. पद्मावती माचीवर ताक विकणाऱ्या एका आजींनी त्यांना पायरीवर फतकल मारलेलं पाहिलं.

"शर्यतीचं पैकं मिळत्यात का रं बाबा?"

"नाही आजी. आपणच भरायचे."

"पळायचं बी आपुन, आन पैकं बी आपुनच?" आकडा ऐकून आजींनी हंडा खाली ठेवला. जरा विचार करून म्हणाल्या, "मग हितंच बस सावलीला. कुनी इचारलं तर म्या सांगंन, पळाला म्हून." ताकाचे दोन ग्लास झाल्यावर पेसकरांनी पाकीट काढलं, तर आजींनी पैसे घेतले नाहीत. "ऱ्हाऊ दे. आधीच लई गेल्यात तुझं."

एवढी थट्टा केली, पण डॉक्टरांनी गोल काढलेला तो आकडा आता गोलाबाहेर आहे, हे लिहायलाच हवं. पेसकर तो कागदही जवळ बाळगतात आणि मेडलनंतर दाखवतात.

तेव्हा भाटघरच्या रस्त्यानं पहाटे डेअरीची गाडी नेणाऱ्या मंडळींना विनंती आहे. नारिंगी बनियनमधला माणूस आणि मागं चार कुत्री दिसली, तर दिवा खाली करा, हॉर्न वाजवू नका, हात दाखवा. त्यांना बरं वाटतं. फक्त काच खाली करून "किती झाले?" असं विचारू नका. ते थांबून सगळं सांगतात, आणि तोवर तुमचं दूध नासेल.