रुमाल एका एसटीत

एका संगणकाची डिस्क काढायची, ती दुसऱ्याला जोडायची, तिथे तिच्यावर लिनक्स चढवायचं आणि मग पुन्हा पहिल्याच्या पोटात बसवायची. पेन ड्राइव्हला दाद न देणाऱ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर हाच उपाय. आमच्या काकू हे बघून म्हणाल्या, "अरे, याच्या मापाने शिवलेलं त्याला बसेल का?"

बसतं. लिनक्सचा कर्नल आपल्याला कुठे जन्माला घातलं हे मनाला लावून घेत नाही. दर वेळी जागा झाला की आजूबाजूला काय काय आहे ते बघतो आणि लागतील ते ड्रायव्हर बाहेर काढतो. गंमत अशी, की ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोर्वाल्ड्सने आपल्या या उद्योगाची वर्दी दिली, तेव्हा हे ३८६ सोडून कुठे नेता येणार नाही आणि एटी हार्डडिस्कशिवाय दुसरं काही बहुधा कधीच चालणार नाही, असं बजावलं होतं. त्याच्याकडे तेवढंच होतं, बिचाऱ्याकडे!

तरी थोडे मानापमान असतातच. लिनक्सच्या घराण्यांपैकी डेबियन सुरुवातीच्या शिदोरीत बहुतेक सगळे ड्रायव्हर बांधून देतं. फेडोरा मात्र समोरच्या मशीनपुरतेच घेतं, आणि अडलं तर 'रेस्क्यू' नावाची वेगळी नोंद ठेवतं. तिथे 'एसडीबी' असलेली डिस्क इथे 'एसडीए' होते, म्हणून हल्ली तिला यूयूआयडी या ओळखक्रमांकाने ओळखतात. पूर्वी नेटवर्क कार्डाचंही नाव लिहून ठेवलं जाई. नव्या घरचं कार्ड मुकाट 'ईटीएच१' व्हायचं, कारण 'ईटीएच०' ही जागा आता कधीच न येणाऱ्या कार्डासाठी राखीव!

खरा घोळ यूईएफआयचा, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या फर्मवेअरचा. कुठून सुरू व्हायचं ही नोंद डिस्कवर नसतेच, ती मदरबोर्डच्या स्मृतीत जाते. तीही ज्याच्यावर इन्स्टॉल केलं त्या मदरबोर्डच्या. म्हणजे रुमाल एका एसटीत टाकायचा आणि प्रवास दुसरीने करायचा. त्यात इन्स्टॉलरने ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम, यजमान संगणकाच्याच डिस्कवर टाकला, तर पाहुणी डिस्क काढून घेतल्यावर यजमान काळ्या पडद्यावर 'ग्रब' एवढंच म्हणत बसतो. म्हणून जाणकार आधी यजमानाची स्वतःची डिस्क सोडवून ठेवतात. दुसरा उपाय पाहुणीच्याच ईएफआय विभागात, 'बूट' नावाच्या फोल्डरमध्ये, ठरलेल्या नावाने ग्रबची फाइल ठेवण्याचा. कुठलीच नोंद नसलेलं फर्मवेअर तिथे डोकावतं. माझ्या मते इन्स्टॉलरने हे न विचारताच करावं, पण डेबियनचा इन्स्टॉलर हा प्रश्न विचारतो तो तज्ज्ञांच्या वाटेने गेलेल्यांनाच.

लॅपटॉप सुरू होतो. यजमानाच्या बूट यादीत मात्र 'डेबियन' हे नाव मागे राहतं. काही फर्मवेअर अशी नोंद आपणहून पुसतात, काही नाही. एका आज्ञेने ती काढता येते. पण चालू मशीनला कोण हात लावतो!