वरची साल

भंडारा–पवनी रस्त्यावरच्या अड्याळात कुणी घर बांधायला काढलं, की एक गृहस्थ न बोलावता हजर होतात. गवंडी नाहीत, सुतार नाहीत, इंजिनीअर तर नाहीतच. ते जाडीचे जाणकार. स्लॅब असो, सळई असो की पंगतीतली पुरणपोळी, त्यांचा प्रश्न एकच: "जाड किती?" खिशात पेनाऐवजी स्टीलची पट्टी असते.

पाया आणि भिंतींपर्यंत घरमालकाने त्यांना सोसलं. पण पुण्याच्या मुलाने माडीवरच्या खोलीत लाकडी फ्लोअरिंग घालायचा हट्ट धरला, नागपूरहून नमुने घेऊन दुकानाचा पोरगा आला, आणि जाणकारांचं भाग्य उजळलं.

"किती एमएम?"

"चौदा, काका."

"चौदा कशाचे?"

पोरगा गडबडला. जाणकारांनी तुकडा आडवा धरून एक डोळा मिटला. "वर सागाची साल, खाली सारा प्लाय. प्लायची जाडी सांगून मले सागाचे पैसे मागून रायला का रे?"

वाईट याचं वाटतं, की ते बरोबर होते. नेहमी चुकणारा सल्लागार गावाला परवडतो. अधूनमधून बरोबर निघणाऱ्याचं काय करायचं? असलं फ्लोअरिंग 10 पासून 20-21 मिमीपर्यंत मिळतं, पण त्याचं आयुष्य ठरतं वरच्या खऱ्या लाकडावर. 2 मिमीचा थर फार तर एकदा, तोही हलक्या हाताने घासून पॉलिश करता येतो. 4 मिमीचा दोन-तीनदा. खालचे थर उभे-आडवे चिकटवलेले असतात ते काटकसर म्हणून नव्हे. मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि त्यामागून येणारी पावसाळी ओल, यांत अख्खी फळी वाकते. हे थर एकमेकांना धरून ठेवतात. सपाट, कोरड्या स्लॅबवर चिकटवायचं तर 14 मिमी पुरे. खाली लाकडी पट्ट्या मारून पोकळी ठेवायची असेल, तरच 18-20 लागतात.

पण पुरे हा शब्द जाणकारांना सोसत नाही. त्यांनी 21 मिमीचा निकाल दिला, वर 6 मिमी साग. "नातवाचा नातू घासंल!"

मिस्त्री म्हणाला, "काका, चौकटी बसल्या. दार अडकंल."

"मंग दार काप."

इतका वेळ चहा गाळत असलेल्या घरमालकीणबाई तेव्हा बोलल्या, "भाऊजी, तुमच्या घरी सारवून सारवून जमीन चढली. सयपाकखोलीचं दार कवापासून घासून रायलं. आधी ते कापा."

मिस्त्रीने खोकल्याचं निमित्त केलं. सौदा 14 मिमीवर ठरला, वरचा थर 3. जाणकारांनी पट्टी खिशात घातली, बशीतला चहा संपवला आणि पोरग्याला जरा बाजूला घेतलं.

"गोंद किती एमएमचा लावता?"